विमानाच्या पोटाखाली

विद्यार्थ्यांना युद्धातील विमाने दाखवावीत की नाही, हा प्रश्न सहलीच्या जागा ठरविताना आम्हां शिक्षकांत हमखास निघतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, संहाराच्या साधनांपुढे मुलांना रांगेने उभे करून टाळ्या पिटावयास लावणे हा शिक्षणाचा विपर्यास होय. दुसऱ्या पक्षाला त्यात राष्ट्राभिमानाचा सोहळा दिसतो. मला ही दोन्ही मते लांबून पाहणाऱ्याची वाटतात. आकाशात उंचावरून जाणारे विमान सुंदरच दिसते, आणि चित्रपटातले तर अधिकच सुंदर. परंतु बाँबफेकी विमानाच्या पोटाखाली जाऊन ज्याने मान वर केली आहे, त्याच्या मनात कौतुक व तिटकारा यांची इतकी सोपी वाटणी होत नाही. मी अशी दोन अवजड विमाने अगदी हाताच्या अंतरावरून पाहिली आहेत.

पहिले दिल्लीस, पालमच्या वायुसेना संग्रहालयात. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो. ‘लिबरेटर’ हे त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने या जातीची अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली. चार इंजिने, लांब अरुंद पंख आणि त्यांखाली एखाद्या पेटाऱ्यासारखे चौकोनी धूड. रूपाच्या बाबतीत विधात्याने हात आखडता घेतलेला! बाँब ठेवण्याच्या कप्प्याची दारे दुकानाच्या फळीदार शटरसारखी बाजूने वर सरकत, आणि त्या कप्प्याच्या मधून जेमतेम वीतभर रुंदीची एक पट्टी जाई. विमानाच्या पुढच्या भागातून मागे जाणाऱ्या सैनिकाला आकाशात त्या पट्टीवरून पाऊल जपून टाकीत जावे लागे. हे कळल्यापासून मला बाँबफेकी विमान म्हटले की प्रथम ती वीतभर पट्टीच आठवते.

पण त्या विमानाची खरी कथा पुढचीच आहे. युद्ध संपल्यावर अशी कितीतरी विमाने कानपूरच्या तळावर टाकून देण्यात आली, आणि पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून ती हेतुपुरस्सर निकामी करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या कारागिरांनी त्या भंगाराची तपासणी केली. एकाचा अवयव दुसऱ्याला जोडीत, तात्पुरती डागडुजी करून एकेक विमान उडण्याजोगे केले गेले, आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती बंगळूरास उडवीत नेली. तेथे त्यांची पुरी दुरुस्ती झाली. अशा रीतीने चाळिसांहून अधिक विमाने उभी राहिली. १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांचे पहिले पथक सिद्ध झाले आणि १९६८ पर्यंत ती भारतीय वायुसेनेत उडत राहिली. पुढे लंडनच्या संग्रहालयाला आपल्या मांडणीसाठी लिबरेटर हवे झाले, तेव्हा ते भारताने भेट दिले. ज्यांनी टाकले त्यांनीच मागून घ्यावे, यात मला गंमत वाटते. त्या विमानासमोर मला बाँबांपेक्षा पाना आणि हातोडाच अधिक दिसला, हे कबूल केले पाहिजे.

दुसरे विमान विशाखापट्टणमचे. तेथील समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर, कुरसुरा पाणबुडीच्या समोर, नौदलाचे ‘तुपोलेव १४२’ २०१७ पासून मांडून ठेवले आहे. हे आपल्याकडे पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी होते. परंतु त्याचे घराणे रशियाच्या ‘तुपोलेव ९५’ या अवजड बाँबफेक्याचे. लांबी सुमारे ५३ मीटर, पंखांचा विस्तार ५० मीटर. प्रत्येक इंजिन सुमारे १५,००० अश्वशक्तीचे, आणि प्रत्येकावर एकामागे एक असे दोन पंखे, परस्परांच्या उलट दिशेने फिरणारे. त्या पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाच्या आसपास फिरत. म्हणूनच हे विमान अतोनात आवाज करी. १९८८ साली ही विमाने प्रथम आली ती आपल्या दाबोळीलाच, आणि काही वर्षांनी ती अरकोणमला हलविण्यात आली. ते वरून जाऊ लागले की वर्गात गुरुजी वाक्य अर्ध्यावर थांबवीत, असे माझे वडील सांगतात.

आत शिरल्यावर मात्र एवढ्या प्रचंड देहात माणसाला किती थोडी जागा आहे, याचे नवल वाटते. शरीराचा व्यास जेमतेम तीन मीटर. या घेरालाही इतिहास आहे. १९४४ साली जपानवर गेलेली काही अमेरिकन ‘बी २९’ विमाने संकटात सापडून रशियाच्या पूर्व भागात उतरली. तुपोलेव यांच्या कारखान्याने त्यांची हुबेहूब नक्कल केली, आणि त्याच मापाचा घेर १९५२ साली उडालेल्या ‘तुपोलेव ९५’ पर्यंत टिकला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर गेलेले विमान ‘बी २९’च होते. त्या अरुंद नळीत वाकून चालताना हे आठवले, आणि बाहेर येऊन समुद्राकडे पाहिले तेव्हा दुसरे आठवले की, याच विशाखापट्टणमवर ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बाँब टाकले होते. संग्रहालयांतील फलक बहुधा लांबी, वजन, वेग, पल्ला सांगतात. ते वाचून मूल हुशार होते, यात शंका नाही. खाली कोण होते, हे ज्याचे त्याने विचारावे लागते.

आणि आपण गोमंतकीयांना ते विचारण्यासाठी दूर जावयाचे कारण नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी पुण्याहून निघालेली १२ कॅनबेरा विमाने दाबोळीवर आली व त्यांनी धावपट्टीवर ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकले. विमानतळाची इमारत राखण्याची त्यांना आज्ञा होती. माझी आजी तेव्हा चिखलीस नवी सून म्हणून आलेली. कोकणी माणसाला वर्णनाचा सोस नसतो. ‘भुंय हालली’, एवढेच ती म्हणे. पुढे कधी लहर लागली तर सांगे की, माडांवरचे कावळे एकदम उठले आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. त्याच तिने दुसऱ्या दिवशी तिरंगा फडकल्याची वार्ता ऐकून देवापुढे समई लावली. भीती खरी आणि समईही खरी. तिने त्या दोहोंची कधी वजाबाकी केली नाही. आज एका पक्षाचे शिक्षक भीती गाळू पाहतात आणि दुसऱ्या पक्षाचे समई. माझी तक्रार आहे ती एवढ्याचसाठी.

तेव्हा माझे मत असे की, मुलांना विमाने अवश्य दाखवावीत, पण आधी घरच्या माणसांना बोलते करून. बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ उभे आहे. ते जन्माने एअर इंडियाचे उतारूंचे विमान. नंतर ते वायुसेनेकडे आणि तेथून नौदलाकडे गेले. त्या डिसेंबरच्या रात्री उखडलेल्या धावपट्टीची तात्पुरती दुरुस्ती करून जी दोन विमाने अंधारात कराचीकडे निसटली, त्यांतील एक याच जातीचे होते. आमच्या नववीच्या मुलांनी ते पाहण्यापूर्वी चिखली, वास्को, सांकवाळ येथील आपापल्या आजी-आजोबांना त्या सकाळविषयी विचारावे, आणि ते कोकणीत जे सांगतील ते जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावे. मराठीत मागाहून लिहिता येईल. ज्यांना ती सकाळ नीट आठवते अशी माणसे आता सत्तरीच्या पलीकडे आहेत, आणि माझी आजी तर तीन वर्षांपूर्वीच गेली. बोगमाळोस जाऊन येणे हे एका सकाळचे काम आहे. वह्यांचे काम दिवाळीच्या सुटीतच सुरू करता येईल.