निळ्या रंगाचे इनाम
आयबीएम या अमेरिकन कंपनीने वेबवरील आपली बटणे, अर्जांतील रकाने, याद्या आणि सूचनाचौकटी ‘कार्बन’ या नावाखाली एकत्र करून, अपाचे २.० परवान्यान्वये, ज्याला हव्या त्याच्या स्वाधीन केल्या आहेत. आणि ही सनद वाचून माझ्यासारख्या संशयी मनुष्यास प्रथम वाटते ते हेच, की कंपनीचा निळा रंग नि तिचाच ‘प्लेक्स’ टंक अंगावर वागवणारे हे इनाम म्हणजे फुकटची जाहिरात तर नव्हे? असेलही. तथापि ज्या दृष्टिहीन गृहस्थास माऊसचा काडीचा उपयोग नाही, तो टॅबची कळ दाबीत पुढे सरकत असता स्क्रीन रीडरने ‘बटण’ असा स्पष्ट पुकारा करावा, आणि मंददृष्टीच्या वाचकासाठी मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत ४.५ : १ च्या खाली उतरू नये, ही तजवीज त्यात मुळातच आहे. रंग कोणीही बदलील. ही तजवीज दर कचेरीने नव्याने करू म्हटल्यास बहुधा राहूनच जाते. नुसत्या चित्रालाच बटण म्हणून खपवणारे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत. संकेतस्थळाच्या निविदेच्या मसुद्यात बोधचिन्हाच्या छटेचा काथ्याकूट करणाऱ्यांनी कीबोर्डसाठी एखादे कलम घालावयास हरकत कोणती?