पिवळ्या जर्सीवर काळा बिल्ला
तंजावरच्या भातशेतीला हवं असलेलं कावेरीचं पाणी २०१८मध्ये थेट क्रिकेटच्या मैदानात शिरलं. पाणीवाटपावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुदत उलटली तरी केंद्रानं कावेरी व्यवस्थापन मंडळ नेमलं नाही, तेव्हा रजनीकांत यांनी सुचवलं, चेन्नई सुपर किंग्जच्या खेळाडूंनी काळे बिल्ले लावून खेळावं. दुसऱ्याच्या छातीवर निषेध डकवणं तसं सोपंच! १९६८मध्ये मेक्सिको ऑलिंपिकच्या पदकमंचावर अमेरिकी धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी राष्ट्रगीताच्या वेळी काळा हातमोजा घातलेली मूठ उगारली, ती स्वतःहून. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. धोनीचा संघ मात्र बिल्ल्याविनाच उतरला. १० एप्रिलला चेन्नईच्या चेपॉक मैदानावर प्रेक्षकांतून जोडे भिरकावले गेले, उरलेले घरचे सामने पुण्याला हलले, आणि पाठोपाठ पिवळ्या चाहत्यांनी भरलेली खास रेल्वेगाडीही पुण्यात येऊन थडकली.