‘अ‍ॅडिक्ट’: सावकाराच्या दारातून आलेला शब्द

१/ इंग्रजीतील ‘अ‍ॅडिक्ट’ या शब्दाचे मूळ न्यायालयात आहे. प्राचीन रोममध्ये कर्ज न फेडणाऱ्याला न्यायाधीश सावकाराच्या स्वाधीन करी. त्या ऋणकोला ‘अ‍ॅडिक्टस’ म्हणत.

२/ १८९८ साली बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, ते खोकल्यावरचे औषध म्हणून. ते घेणारा तेव्हा ‘पेशंट’ होता. मूळ लॅटिन अर्थाने, सोसणारा.

३/ १९१४ मध्ये अमेरिकेत हॅरिसन कायदा आला. १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, केवळ सवय भागवण्यासाठी डॉक्टरने मॉर्फीन लिहून दिले, तर ती वैद्यकीय चिठ्ठीच नव्हे. द्रव्य तेच, देह तोच. कालचा रुग्ण मात्र आज गुन्हेगारांच्या रांगेत.

४/ पुढे व्यसनातून सुटलेल्याला ‘क्लीन’ म्हणू लागले. मग आधी तो घाणेरडा होता काय? रोज इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीला कोणी ‘इन्सुलिनबाज’ म्हणत नाही!

५/ २०१७ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने माणसासाठी ‘अ‍ॅडिक्ट’ हे नाम टाळण्यास सांगितले. याला फाजील सौजन्य म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकटही. संकटात सापडलेल्याला हात द्यावा. नावे ठेवू नयेत.