आधी खुंट्या मोजा
होळीला सैलानीची यात्रा असो की आश्विनात देऊळगावराजाच्या बालाजीची, लहान मुलं जत्रेत शिरली की हवा भरलेल्या ‘मिकी माउस’कडेच धाव घेतात. अशा हवेच्या किल्ल्यांचे नि घसरगुंड्यांचे नवे नमुने अमेरिकेत ऑर्लँडोला दर नोव्हेंबरात भरणाऱ्या मनोरंजन उद्योगाच्या प्रदर्शनात मांडले जातात. तिथे रंग-आकार आधी डोळ्यांत भरतात. भाड्याने देणाऱ्यानं विचारायचं ते मात्र किल्ला जमिनीला बांधणाऱ्या खुंट्यांचं. युरोपचं मानक सांगतं, किमान ६ ठिकाणी बांधा आणि वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की मुलांना उतरवा. डिसेंबर २०२१ मध्ये टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला शाळेच्या मैदानावरचा असा किल्ला वाऱ्यानं उचलला. ६ मुलं गेली. आपल्याकडची उन्हाळ्यातली वावटळ सांगून येत नाही, आणि भेगाळलेल्या काळ्या मातीत उथळ ठोकलेली खुंटी सहज निघते. शिवाय हवा भरणारा ब्लोअर सतत चालावा लागतो. वीज गेली की सगळं कापड मुलांवर बसतं, म्हणून जनरेटर हवाच. यात्रेत जागा देणाऱ्या ग्रामपंचायतींनो, नगरपालिकांनो, पावती फाडण्याआधी खुंट्या मोजा. आणि आईवडिलांनो, वारा सुटला की लेकरू खाली घ्या, पैसे गेले तरी चालतील.