तपकिरी

वसईची उन्हात वाळविलेली सुकेळी कोणत्या रंगाची? आजची मुले चटकन ‘चॉकलेटी’ म्हणतात. जुनी माणसे ‘तपकिरी’ म्हणत. तपकीर म्हणजे नाकात ओढावयाची तंबाखूची पूड. तंबाखू मूळची अमेरिकेतील. ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली पोर्तुगिजांनी, आणि वसई तर १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच अमलाखाली होती. अशा परक्या वनस्पतीच्या पुडीलाही मराठीने ‘ई’ हा प्रत्यय जोडला व रंगाचे नाव घडविले. जसे गुलाबापासून गुलाबी, बदामापासून बदामी. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ. तिच्यापासून झाले खाकी.

तपकिरीच्या डब्या घरांतून गेल्या, हे उत्तमच झाले. ते एक व्यसनच होते. परंतु त्यासाठी शब्दाला घराबाहेर का काढावे? ‘चॉकलेटी’ हा शब्दही याच रीतीने घडलेला आहे, तेव्हा त्याच्याशी वैर नको. मात्र तपकिरी, विटकरी, बदामी, खाकी हे सारे रंग त्या एकाच शब्दात कोंबणे हा निव्वळ आळस होय. घराचे कौल चॉकलेटी आणि सुकेळेही चॉकलेटी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ना कौल उभे राहते, ना सुकेळे.