पंखा कितीवर?

आमच्या घरात भांडणं दोनच कारणांवरून होतात. एक टीव्हीचा आवाज आणि दुसरं पंख्याचा वेग. पहिलं बारमाही पीक आहे, दुसरं हंगामी. नवरात्राच्या आसपास ते उगवतं आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत टिकतं.

दिल्लीला येऊन आम्हाला चोवीस वर्षं झाली, पण इथला उन्हाळा नेमका संपतो कधी हे मला अजून सांगता यायचं नाही. जूनअखेर पाऊस येतो खरा, पण आपल्याकडच्यासारखा तो ऋतूच पालटून टाकत नाही. उकाड्यात थोडं पाणी घालतो, इतकंच. खरा बदल तो गेल्यावर. हवामान खात्याने 2020 साली सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस दिल्लीतून 25 सप्टेंबरच्या सुमारास परततो आणि मुंबईतून 8 ऑक्टोबरच्या सुमारास. (वेळापत्रकाची प्रत पावसाला पाठवलेली नसते, ही गोष्ट वेगळी.) तो गेला की दोन्हीकडे अगदी उलट प्रकार सुरू होतात. साताऱ्याहून जाऊबाईंचा फोन येतो, "अगं, काय हा उकाडा! पदराने वारा घेऊन हात दुखले." आणि मी इकडे पहाटे दूध घ्यायला दार उघडताना खांद्यावर ओढणी घेतलेली असते.

दुपारी मात्र आम्हीही तेहतीस-चौतीस अंशांत भाजत असतो, हे जाऊबाईंना सांगत नाही. गंमत आहे ती रात्रीची. ढगांचं पांघरूण निघालं आणि हवा कोरडी झाली, की दिवसभर तापलेली जमीन रात्रीत भराभर निवते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटेचा पारा बाविसाच्या घरात असतो, तो महिनाअखेर सोळा-सतरावर येतो. म्हणजे रात्री दहाला ज्या गादीवर पंखा पाचवर लागतो, त्याच गादीवर पहाटे चारला रजई लागते. भांडणाचं मूळ हेच.

आमचे हे पंखा पाचवाले. मी दोनवाली. मुलगी तीनवर ठेवून वर चादर घेणारी, म्हणजे दोन्ही पक्षांकडून बोलणी खाणारी. मुलगा कानात काहीतरी खुपसून झोपतो, त्याला ऋतूच नाहीत. दरवर्षी मी ह्यांना समजावते, की पंखा हवा गार करत नाही, नुसता घाम वाळवतो. घामच नसेल तर तो फिरवायचा कशाला? आणि दरवर्षी हे उत्तर देतात, "मग तू घाम आणू नकोस." याला काही अर्थ आहे का, तुम्हीच सांगा.

कॉलनीत ऋतू पालटल्याच्या खुणा अशाच घरगुती. बाल्कनीतले कूलर रिकामे होतात. त्यांच्या जाळ्यांमधलं गवत एव्हाना इतकं कडक झालेलं असतं, की पापडासारखं मोडावं. तितारपूरच्या रस्त्याला रावण तयार व्हायला लागतात. धड एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि फुटपाथवर रंग वाळत ठेवलेली मिश्यांची डोकी ओळीने. बसमधून जाताना ती आपल्याकडे बघतात असंच वाटतं. भाजीवाल्याच्या गाडीवर ओले शिंगाडे येतात. शेजारच्या पंजाबी काकू रजया गच्चीवर टाकून त्यांना काठीने बडवतात, आणि तो आवाज ऐकून सगळ्या बिल्डिंगला आपापल्या रजया आठवतात. पूर्वी खांद्यावर धनुकली घेतलेला पिंजारी तार छेडत गल्लीतून जायचा, तो हल्ली दिसत नाही. कापूस आता दुकानातल्या यंत्रात जातो.

आणि सातवीण! दिल्लीच्या रस्त्यांवर ही झाडं खूप लावलेली आहेत. ऑक्टोबरात ती फुलली, की रात्री आठनंतर रस्ताभर वास कोंडून राहतो. मला तो वास आला की दिवाळीची यादी करावीशी वाटते. ह्यांचं डोकं दुखतं. म्हणजे तिथेही एकमत नाही.

यंदा या सगळ्यात अण्णांची भर पडली. अण्णा माझे सासरे. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यानंतरही वर्षभर अण्णा साताऱ्याच्या घरात एकटेच राहिले, कुणाचं ऐकेनात. शेवटी या जूनमध्ये हे जाऊन त्यांना घेऊन आले. सोबत एक पेटी, एक गोधडी आणि हिशेबाच्या वह्या. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यामुळे आमच्या घरात आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदा देवाला नमस्कार केला आणि लगेच मीटर बघितला.

सप्टेंबरात आम्ही घरातले सगळे पंखे बदलायचं ठरवलं, तेही अण्णांच्याच सल्ल्याने. त्यांनी पेन्सिलीने हिशेब मांडून दाखवला. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नवा तीस. वाचले पंचेचाळीस. रोज दहा तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे साडेतेरा युनिट. जुन्या काळच्या मोठ्या काळ्या रेग्युलेटरची कथाही सांगितली. पंखा एकवर ठेवला, की वाचलेली बरीचशी वीज त्या खोक्यातच तापून जायची. लोक मात्र बिल वाचलं म्हणून खूश. "सगळं आयुष्य लोकांना हे सांगण्यात गेलं," अण्णा म्हणाले.

नवे पंखे आले. रिमोटवर चालणारे, गुळगुळीत, आणि इतके शांत की फिरताहेत की नाही हे मान वर करूनच कळावं.

त्यानंतर आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की अण्णांच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असतो. सकाळी डोळे तांबारलेले. विचारलं तर, "वय झालं, झोप कमी होते." एकदा मुलगी रात्री पाणी प्यायला उठली आणि मला हलवून जागं केलं. "आई, आजोबांचा पंखा पाचवर आहे आणि ते गोधडीत कान झाकून बसलेत."

दुसऱ्या दिवशी घरात परिषद भरली. ह्यांचं मत, अण्णांना रिमोट जमत नाही आणि सांगायला संकोच वाटतो. मुलाचं मत, रिमोट बिघडलाय. मी म्हटलं, म्हातारा माणूस गारठून आजारी पडेल, त्याचं काय? शेवटी आम्ही शहाण्यांनी काय करावं? अण्णा जरा लवंडले, की हे पाय न वाजवता जाऊन पंखा बंद करून यायचे. दोन रात्री हा उद्योग केला. तिसऱ्या दिवशी अण्णा वर्तमानपत्र उलटं धरून बसलेले दिसले.

त्या दिवशी दुपारी ते माझ्याबरोबर मेथी निवडत होते. मी सरळच विचारलं, "अण्णा, तुम्हाला पंखा हवा असतो की नको असतो?"

त्यांनी दोन-तीन काड्या निवडल्या. मग म्हणाले, "मला कशाला हवाय पंखा? हिला लागायचा. बारा महिने तेरा काळ पाचवर. मी सेहेचाळीस वर्षं गोधडीत कान झाकून झोपलो. रोज भांडायचो. एकदा तर उशी घेऊन ओसरीवर जाऊन झोपलो होतो."

"मग आता बंद करा की!"

"साताऱ्याला केला होता. झोपच लागेना. पंख्याचा तो खटक-खटक आवाज नसला, की जाग येते आणि मग बघावं लागतं शेजारी." एवढं बोलून त्यांनी मेथीची जुडी झटकली. "तुमचा जुना होता तो जरा आवाज करायचा. हा नवा नुसताच फिरतो. म्हटलं पाचवर टाकला तर काहीतरी बोलेल."

मी उठून गॅसवर काहीतरी आहे असं केलं. काही नव्हतं.

नशिबाने जुने पंखे अजून भंगारवाल्याने नेले नव्हते. बाल्कनीत कूलरच्या शेजारी कापडात गुंडाळून पडले होते. संध्याकाळीच इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो शिडीवरून बघतच राहिला. "नया उतारके पुराना लगाएँ?" अण्णांनी त्याला हिंदीत दहा मिनिटं व्याख्यान दिलं. जुन्या पंख्याचं वाइंडिंग, त्यातलं तांबं, बेअरिंग, हल्लीच्या वस्तूंचा दर्जा. त्यातलं एकही कारण त्यांनी सप्टेंबरात सांगितलं नव्हतं. पोरगा भला. आवाज काढून देऊ का, तेल घालतो, म्हणाला. आम्ही चौघे एकदम "नको!" म्हणून ओरडलो.

आता अण्णांच्या खोलीत जुना पंखा दोनवर असतो. प्रत्येक फेरीला एकदा खटक करतो. भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू येतो. पहिले दोन दिवस ह्यांनी कुरकूर केली, आता करत नाहीत. अण्णा साडेदहाला गोधडी कानावर ओढतात ते सहाला उठतात, आणि उठल्या उठल्या खाली पडलेली प्राजक्ताची फुलं वेचायला जातात, माळ्याच्या आधी.

पहिल्या तारखेला माझ्या मसाल्याच्या डब्याखाली शंभर रुपयांची नोट सापडली. सोबत वहीचं पान फाडून चिठ्ठी: "जुना पंखा, जादा साडेतेरा युनिट, माझ्या खाती. दोनवर चालवल्यास त्याहून कमी. हिशेब करून उरलेले परत देणे." मी नोट परत नेऊन दिली. त्यांनी ती पुन्हा डब्याखाली ठेवली. गेले चार दिवस ती नोट अशी ये-जा करते आहे आणि तिला हळदीचा वास लागला आहे.

काल जेवताना ह्यांनी विचारलं, "अण्णा, डिसेंबरात इथे पहाटे सात-आठ अंश होतात. तेव्हा पंख्याचं काय करायचं?"

अण्णांनी ताक वाढून घेतलं. "डिसेंबरात," ते म्हणाले, "तू मला दुसरी गोधडी दे."