खासदारसाहेब, पत्र उशिरा का येतं एवढं तरी विचारा

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-आमच्या घरचा आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या पोरीला नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत सोमवारी, पत्र हातात पडलं गुरुवारी. पाकिटावरचा शिक्का बघितला, तर पत्र टाकून चौदा दिवस झालेले. तिच्या वडिलांबरोबर मी तक्रार द्यायला गेलो. काउंटरवर उत्तर मिळालं, "काका, साधं पत्र आहे, याला ट्रॅकिंग नसतं. कुठं अडकलं ते सांगता येणार नाही." विषय संपला. पोरीचं वर्ष गेलं.

आधीच सांगतो, पोस्टमनदादांवर माझा राग नाही. गावातला डाकसेवक उन्हापावसात सायकल मारतो, पण तो खात्याचा पूर्ण कर्मचारी धरला जात नाही. चार तासांच्या कामाला २०१८ साली मूळ भत्ता ठरला तो १०,००० रुपयांपासून. त्याच्या डोक्यावर आणखी बोजा टाकून पत्रं वेळेवर येणार नाहीत. जाब वरच्यांना विचारायचाय.

वरती काय चाललंय बघा. १८९८ चा जुना कायदा गेला आणि २०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्याचं कलम १० काय म्हणतं? नियमांत ठरवून दिली असेल तेवढी सोडून पोस्टावर सेवेची कसलीच जबाबदारी नाही. कायदा नवा, पण हात झटकायची सवय इंग्रजांच्या काळातलीच.

आणि २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आधी रजिस्टर पत्राची सुरुवात जीएसटीसकट २६ रुपयांच्या आसपास व्हायची. आता बाहेरगावी ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये, नोंदणीचे ५ वेगळे, वर जीएसटी. म्हणजे ६१ रुपये गेले. वकिलाची नोटीस, वाटणीचे कागद, म्हाताऱ्या माणसाचा पेन्शनचा अर्ज, सगळ्यांना हाच दर.

कुणी म्हणेल, आता पत्र पाठवतं कोण, सगळं मोबाईलवर येतं. बरं. मग पासपोर्ट कशानं येतो? पॅन कार्ड, आधारचं पत्र, कोर्टाची नोटीस? ज्याच्या दारात कुरिअरवाला येत नाही त्याच्या दारात पोस्टच येतं. देशात दीड लाखाच्या वर पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली दहातली नऊ खेड्यांत. ती आपल्यासाठीच आहेत ना?

आता दुसरी बाजू. कंपनी साहेबाला गाडी देते. पेट्रोल, दुरुस्ती, ड्रायव्हर सगळं कंपनीचं. साहेब ती ऑफिसलाही वापरतो आणि रविवारी महाबळेश्वरलाही नेतो. या सवलतीची किंमत आयकराच्या नियमात २०२५ पर्यंत किती धरली जायची? इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिन्याला १८०० रुपये, त्याहून मोठं असेल तर २४००, ड्रायव्हरचे ९००. गाडी पन्नास लाखांची असली तरी आकडा तोच. मोठी गाडी अधिक ड्रायव्हर मिळून ३३०० झाले, त्यावर ३० टक्के कर आणि सेस धरला तर महिन्याला साधारण १०३० रुपये. एवढ्यात आपल्याकडं ड्रायव्हर दोन दिवस तरी येईल का? हे आकडे २००९ चे होते. सोळा वर्षांत पेट्रोल कुठं गेलं, ड्रायव्हरचा पगार कुठं गेला, पण हा आकडा जागचा हलला नव्हता.

गाडी मिळणाऱ्यावर माझा डोळा नाही. मिळवली असेल कष्टानं. पण पत्राचा दर वाढतो आणि गाडीचा आकडा सोळा वर्षं झोपला, याचं कारण कुणीतरी सरकारला विचारायला पाहिजे. ते विचारायलाच आपण खासदार दिल्लीला पाठवलाय.

लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात. त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उलटा प्रश्न विचारता येतो. अतारांकित २३० पर्यंत असतात, त्यांचं उत्तर फक्त कागदावर. नोटीस निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते.  म्हणजे तयारी आधीच करायला पाहिजे, नंतर नाही.

खासदारसाहेब, नारळ फोडा, सत्कार घ्या, आमची हरकत नाही. पण तीन प्रश्न तेवढे टाका.

१. आपल्या जिल्ह्यात साधं पत्र किती दिवसांत पोचतं, याची मोजणी होते का? होत असेल तर आकडे द्या.
२. डाकसेवक आणि पोस्टमनच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि कधी भरणार?
३. कंपनीच्या गाडीचे २००९ चे आकडे सोळा वर्षं तसेच का ठेवले?

"सुधारणा ही सततची प्रक्रिया आहे" असलं गुळगुळीत उत्तर आलं, तर उलटा प्रश्न विचारा. त्यासाठीच तारांकित टाका म्हणतोय.

मंडळी, तुमच्याकडं उशिरा आलेलं पाकीट असेल तर फेकू नका. शिक्क्याचा फोटो काढा, हातात पडल्याची तारीख त्यावर लिहा आणि खाली टाका. पत्ता झाका मात्र. पंधरा-वीस फोटो झाले की प्रिंट काढून मी स्वतः खासदारांच्या ऑफिसात देऊन येतो.

पोस्टानं पाठवणार नाही. अधिवेशन संपायच्या आत पोचायला पाहिजे.